राजाच्या गाढवाची दोरी

माझ्या वडिलांना शास्त्रात, म्हणजे बायबलात, नसलेला एक शब्दही खपत नसे. नाताळच्या नाटकात मुलांनी कागदी मुकुट घालून बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे उभे केले, की पप्पा पहिल्या रांगेतून हात वर करायचे. "तीन होते असं कुठं लिहिलंय? आणि राजे होते हे तरी कुठं लिहिलंय?" मुकुट घातलेली मुलं रडकुंडीला यायची, त्यांच्या आया पप्पांकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघायच्या आणि मी मान खाली घालून हसू दाबायची. पप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या या काटेकोरपणाची आम्ही घरात फार थट्टा केली. भुकूमच्या त्या उन्हाळ्यानंतर मात्र ती थट्टा माझ्या तोंडून पुन्हा कधी निघाली नाही.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. नवऱ्याला पिरंगुटच्या कारखान्यात नोकरी लागली, मला कोथरूडच्या एका ऑफिसात. दोघांनाही सोयीचं म्हणून भुकूमला खोली घेतली. तेव्हा पौड रस्त्याला जमिनी विकायची नुसती लाट आली होती. ज्याच्या बांधावर काल बाभळ होती, त्याच्या दारात आज जीप असायची. आमच्या घरमालकांनीही रस्त्याकडेचा तुकडा विकून चाळीसारख्या एका रांगेत खोल्या बांधल्या होत्या आणि आमच्यासारखी बाहेरगावची नोकरदार बिऱ्हाडं तिथं भरली होती. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. साठीच्या आसपासचे, उंच, कमी बोलणारे. घरात पूर्वी पाटीलकी होती, ती गेली तरी चालण्यात उरली होती.

आई गेल्यावर पप्पांना मी माझ्याकडे आणलं. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेली, स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. महिनाभरात त्यांनी पौडची एक नर्स, पिरंगुटचा एक फिटर, त्याची बायको आणि लेकरं, शिवाय जवळच चांद्याला खोली करून हिंजवडीत कंप्युटरवर काम करणारी दोन मुलं अशी आमची ख्रिस्ती माणसं हुडकून काढली आणि रविवारची उपासना सुरू केली. आमच्या खोलीत माणसं मावेनात, तेव्हा आबांनी रांगेतली शेवटची रिकामी खोली उघडून दिली. पप्पा भाड्याचं विचारायला गेले तर म्हणाले, "द्येवाचंच नाव घेताय न्हवं? घ्या की. हितं दारू पिऊन कालवा करन्यापरीस बरं."

उपासना चालू असली की आबा बाहेरच्या पायरीवर तंबाखू मळत बसायचे. आत कधी आले नाहीत. पण ऐकायचे सगळं, आणि संपल्यावर पप्पांना गाठायचे. त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती, ती म्हणजे आमच्या गाण्यांत आणि प्रार्थनांत सारखा येणारा राजा, म्हणजे येशू. हा किल्ल्यांचा मुलूख. इथं राजा म्हटलं की घोडा आला, तलवार आली, गड आला.

"मास्तर, तुमच्या राजाचा गड कुटला?"

"गड नाही, आबा."

"फौज?"

"तीही नाही."

"मंग कसला ओ राजा?"

पप्पांना एवढंच हवं असायचं. त्यांचा चहा निवायचा, मी दोनदा हाक मारून तिसऱ्यांदा चिडायची, पण ते सांगत सुटायचे. बाकीचे राजे माणसांना आपल्या पायाशी बोलावतात, हा राजा माणसांच्या पायाशी येऊन बसला, म्हणून तो राजा. पप्पांचं हे नुसतं पाठांतर नव्हतं. आमच्या पणजोबांना त्यांच्या गावात मधल्या रस्त्यानं ताठ मानेनं चालायची सोय नव्हती. त्या माणसानं हा धर्म धरला तो पुस्तकं वाचून नव्हे, तर आपल्यासारख्यांच्या शेजारी बसणारा राजा कुठंतरी आहे एवढं ऐकून. घरात हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. त्यामुळे जे पुढं झालं ते आमच्याच हातून व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आबांनी स्वतः ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या तोडून आणून दिल्या. आमच्या रिवाजाप्रमाणे मंडळीतल्या लहान मुलांनी त्या हलवत विहिरीपर्यंत फेरी काढली, गाणी म्हटली, आणि मग अंगणात पप्पांनी त्यांना गोष्ट सांगायला घेतली. राजा यरुशलेम शहरात आला तो कशावर बसून आला, असं त्यांनी विचारलं.

"गाढवावर!" मुलं एका सुरात ओरडली.

पायरीवर आबा ताडकन उभे राहिले. हातातली मळलेली तंबाखू खाली सांडली.

"गाढवावर बसिवला त्येला? काय केलं व्हतं त्येनं?"

मंडळीत खसखस पिकली. हिंजवडीची मुलं तर तोंडावर हात धरून हसली. पप्पा हसले नाहीत. मास्तरच ते, प्रश्न कुणाचाही असो, नीट उत्तर द्यायचे.

"कुणी बसवला नाही, आबा. तो स्वतः बसला. त्यानंच शिष्यांना पाठवून गाढव मागवलं."

"सोताहून? जबरी न्हाई केली कुनी?"

"नाही."

"आन् लोकं हासली न्हाईत?"

"लोकांनी वाटेवर आपले कपडे अंथरले."

आबा पायरीवरून खाली उतरले. मग चहा न घेताच निघून गेले. म्हातारा रागावला की काय, असं आम्हाला वाटलं. या भागात कुणाला गाढवावर बसवणं म्हणजे काय, हे आम्हाला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण लहानपणापासून ती गोष्ट इतकी ऐकलेली, की त्यातलं गाढव आमच्यासाठी चित्रातलं गाढव होऊन बसलं होतं.

संध्याकाळी आबा परत आले. खुर्ची दिली तरी ओट्याच्या कडेलाच बसले आणि त्यांनी पप्पांना आपल्या थोरल्या भावाचं सांगितलं. मी आत भाकऱ्या थापत होते, सगळं ऐकू येत होतं.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील गावचे पाटील, शब्दाला जरब. थोरल्या भावाचा जीव गावातल्याच एका विधवेवर बसला. जात वेगळी. त्यानं चोरूनमारून काही केलं नाही, सरळ तिला शेतातल्या खोपटात आणून ठेवलं आणि हिच्याबरोबर राहणार म्हणून सांगितलं. पाटलांनी निवाडा केला. दुसऱ्याच्या पोराला जी शिक्षा, तीच माझ्या पोराला. अर्धं डोकं भादरलं, तोंडाला काजळी फासली, गळ्यात पायताणांची माळ घातली आणि कुंभाराच्या गाढवावर उलटं बसवून वेशीपासून वेशीपर्यंत धिंड काढली. बाईला तिच्या माहेरचे घेऊन गेले. आजूबाजूच्या गावांत पाटलांचं नाव झालं. पोटच्या पोरालाही सोडलं नाही म्हणून लोक कौतुक करायचे. थोरला भाऊ त्या दिवशी वेशीबाहेर पडला तो पुन्हा आत आला नाही. वडील वारले तेव्हाही आला नाही. इथं तिथं मजुरी करत शेवटी रिहे खोऱ्यात एका शहरी माणसाच्या फार्महाऊसवर राखणदार म्हणून राहिला. आता तो आजारी होता, छातीत पाणी झालं होतं, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती.

एक गोष्ट आबांनी त्या संध्याकाळी सांगितली नाही. आम्हाला ती नंतर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्या धिंडीत गाढवाची दोरी धरायला गावातलं कुणी तयार होईना. पाटलाच्या पोराची दोरी धरायची छाती कुणाला होणार? तेव्हा पाटलांनी ती धाकट्या मुलाच्या हातात दिली. म्हणजे आबांच्या. तेव्हा ते मिसरूड फुटलेले तरणे होते. बापापुढे नाही म्हणता आलं नाही. त्यानंतर थोरला त्यांच्याशी कधी मोकळेपणानं बोलला नाही. आबा महिन्या-दोन महिन्यांनी तांदूळ घेऊन रिह्याला जायचे, पोतं दारात ठेवायचे आणि परत यायचे.

"मास्तर," आबा म्हणाले, "त्येनं डोळं मिटायच्या आत घरला यावं, येवढंच हाय बघा माजं. माज्या म्हनन्यानं त्यो यायचा न्हाई. तुमी चला. ही तुमच्या राजाची गोष्ट त्येला सांगा. गाढवावर येक राजाबी बसला व्हता, आन् आपल्या मनानं बसला व्हता, येवढं त्येला कळू द्या. म्या सांगून त्येला पटंल व्हय?"

मी पिठाच्या हातानं दारात आले. त्या दिवसांत कुठं काही कुजबुज झाली, की बाटवायला आले, असा गवगवा व्हायला वेळ लागत नव्हता. आमच्या उपासनेबद्दलही गावातल्या एकदोघांनी आबांना टोकलं होतं. मरायला टेकलेल्या माणसाच्या उशाशी जाऊन ख्रिस्ती मास्तरानं येशूची गोष्ट सांगितली, हे उद्या कोण कसं सांगेल याचा नेम नव्हता. नर्सबाई, फिटर, ती हिंजवडीची मुलं, सगळ्यांना मिळून ती एकच खोली होती.

"आबा, हा आठवडा आमच्याकडं फार मोठा असतो," पप्पा म्हणाले. "उत्तम शुक्रवार आहे, मग ईस्टर. तेवढं होऊ द्या, मग बघू."

आबांना त्यातलं सगळं समजलं असावं. हट्ट धरला नाही. "बरं, म्याच सांगून बगतो," म्हणाले आणि गेले.

शुक्रवार हा येशूच्या मरणाचा दिवस, पप्पा त्याच्या क्रुसावरच्या शेवटच्या शब्दांवर बोलले. तीन तास उपासना झाली. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, पण पप्पांचा आवाज एकदाही खाली आला नाही. त्या दिवशी पायरीवर आबा नव्हते. काकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं सांगितलं, की ते रिह्याला मुक्कामाला गेलेत.

शनिवारी सकाळी पप्पा ओट्यावर ईस्टरचा उपदेश लिहीत बसले होते. आबांची मोटरसायकल आली. रिह्याहून घोटावडे, मग पिरंगुट असा सगळा रस्ता ते सकाळच्या उन्हात एकटे आले होते. डोक्याला टॉवेल, डोळे तांबारलेले. गाडी बंद न करताच त्यांनी विचारलं,

"मास्तर, सांगितली बगा गोष्ट. पैल्यांदाच त्येनं माजं सगळं ऐकून घेतलं. आन् मंग मला इचारलं, गाढवाची दोरी कुनाच्या हातात व्हती? आन् त्यो राजा त्या दोरीवाल्याला काय बोलला?"

पप्पांचा चेहरा उजळला. मला तो चेहरा आजही दिसतो. वर्गात एखाद्या पोरानं बुद्धीचा प्रश्न विचारला की त्यांना असंच व्हायचं. "चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही," म्हणत त्यांनी चष्मा पुसला आणि शास्त्र उघडलं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांतला तो भाग एकामागून एक काढला, ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचला. आबांनी गाडी बंद केली आणि शेजारी वाकून उभे राहिले.

"नाही, आबा. शिष्यांनी शिंगरू आणलं, एवढं आहे. दोरी कुणी धरली ते लिहिलेलं नाही."

"आन् काय बोलला त्ये?"

"दोरी धरणाऱ्याचाच उल्लेख नाही, तर त्याच्याशी बोलणं कुठून असणार?"

"कायच न्हाई?"

"काहीच नाही. जे नाही ते मी कसं सांगू?"

आबा त्या उघड्या पानाकडे बघत राहिले. त्यांना वाचायला यायचं, अडखळत. मग "बरं" म्हणाले, टॉवेल नीट बांधला आणि आल्या वाटेनं परत गेले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. पप्पांना म्हटलं, ह्या प्रश्नासाठी म्हातारा एवढ्या लांबून आला? पप्पा खुशीत होते. "चिकित्सक माणूस आहे," म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात थोरले वारले. घरी आलेच नाहीत. रिह्यातच त्यांना अग्नी दिला. दहाव्याला आम्ही गेलो. तो विधी आमचा नाही, त्यामुळे ओढ्यापासून जरा लांब, आंब्याखाली उभे राहिलो. सगळं उरकल्यावर काकू आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांना कुणाशीतरी बोलायचं होतं. पप्पांनी सहज विचारलं, की आबांनी एवढं मनाला लावून घेतलंय, दोघा भावांचं फार होतं का?

"कसलं फार?" काकू म्हणाल्या. "दोरी ह्येंच्याच हातात व्हती की ओ मास्तर. मामंजींनी दिली. जलमभर त्येच खात ऱ्हायलं ह्यास्नी. थोरलं येकदा तोंडानं बोललं असतं, जा म्या सोडलं तुला, तर ह्यो मानूस मोकळा झाला असता."

पप्पांनी आंब्याच्या खोडाला हात लावला. मी त्यांना धरायला गेले, तर त्यांनी मला बाजूला केलं.

परत येताना सहा आसनी रिक्षात आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. पप्पा बाहेर भातखाचरांकडे बघत होते. खाचरं उन्हाळ्याची कोरडी पडलेली. पिरंगुट आलं तेव्हा मला एवढंच म्हणाले, "होतं गं लिहिलेलं. मी पान उलटलं नाही."

मला लगेच कळलं. तोच राजा, त्याच आठवड्यात, पाच-सहा पानं पुढं. ज्यांनी त्याला मारलं, त्यांच्यासाठी त्यानं मरतानाही क्षमाच मागितली. शुक्रवारी पप्पा त्याच शब्दांवर घसा कोरडा होईपर्यंत बोलले होते. शनिवारी सकाळी त्याच माणसाला एकानं विचारलं, की दोरीवाल्याला राजा काय बोलला, आणि यांनी सांगितलं, काहीच नाही. एकही चुकीचा शब्द नव्हता त्यांच्या उत्तरात. मला राग आला होता. पप्पांचा, त्या चार शुभवर्तमानांचा, गावच्या कुजबुजीचा, आणि कधीच मेलेल्या त्या पाटलाचाही.

पप्पांनी आबांकडे जायला बरेच दिवस घेतले. उपदेश लिहायला बसायचे आणि कागद कोरा ठेवून उठायचे. जेवण कमी झालं. शेवटी एका संध्याकाळी मीच त्यांच्याबरोबर निघाले. आबा गोठ्याजवळ बाजेवर बसले होते. पप्पा त्यांच्या समोर उभे राहिले. आबांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"आबा, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं," ते म्हणाले. "राजा बोलला होता. दोरीवाल्यालाच असं नाही, सगळ्यांनाच. ज्यांनी त्याचा जीव घेतला त्यांनासुद्धा. माफ केलं म्हणाला. हे लिहिलेलं आहे. मला पाठ आहे. आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते शांत होते, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलले.

"मास्तर, तुमी काय खोटं बोलला न्हाईत. म्या त्येला सांगितलं, शास्त्रात कायच लिवलेलं न्हाई म्हून. मंग म्हनला, 'बोललाच नसंल. काय बोलनार?' आन् भिंतीकडं त्वांड केलं. त्येच्या म्होरं च्यार दिस त्यो जित्ता व्हता, मास्तर. म्या उशाशी बसून व्हतो."